अण्णांच्या पेटीची दुरुस्ती: 4 मे ते 31 ऑगस्ट 2025 च्या नोंदी

4 मे, रविवार

पेटी, म्हणजे हार्मोनियम, माळ्यावरून खाली काढली. अण्णा, माझे वडील, 2011 साली गेले, तेव्हापासून ती जुन्या चादरीत बांधलेली होती. लालबागच्या चाळीतून भांडुपला आमच्याबरोबर आली, पण उघडली कुणी नाही. मी सुतार नाही आणि पेटीही जेमतेम आरतीपुरती वाजवतो. घरात अशीच पेटी पडून असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून तारखेनिशी लिहून ठेवतोय.

दादरच्या एका दुरुस्तीवाल्याला आधी फोटो पाठवले होते. त्याने साडेसात हजार सांगितले आणि वर म्हणाला, "सगळे सूर नवे टाकून देतो, नव्यासारखी वाजेल." मला नव्यासारखी नको आहे. पट्टी दाबल्यावर ज्या पितळी जिभा वाजतात त्यांनाच सूर म्हणतात. त्याच बदलल्या तर अण्णांच्या पेटीतलं फक्त लाकूड उरेल. म्हणून घरीच करायचं ठरवलं.

आजची अवस्था: 39 पट्ट्या, सुरांचे दोन संच, खालच्या आवाजाचा खर्ज आणि वरच्या आवाजाचा नर, म्हणजे एकूण 78 सूर. त्यातले 11 मुके, 6 खरखरतात. बाहेरच्या भात्याच्या चारही कोपऱ्यांचं चामडं फाटलंय. आतला भाता भरून, एकही पट्टी न दाबता, हवा किती वेळ टिकते ते मोजलं. 4 सेकंद. पट्ट्यांखालच्या लोकरीला कसर लागलीय, बोट लावलं की भुगा होतो.

काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, तिचा रंग मधोमध उडून लाकूड दिसतंय. भजनी मंडळाचे बुवा काळी एक हा षड्ज (सा) धरून गायचे, त्यामुळे अण्णांचं बोट सगळ्यात जास्त तिथेच.

तळाशी धुळीत तीन वस्तू सापडल्या: दहा पैशाचं नाणं, बुक्क्याची पुडी आणि दाढीचं अर्धं ब्लेड. ब्लेडच्या एका टोकाला पांढरं सूत घट्ट गुंडाळलेलं आहे. अण्णा कापडाच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते, सूत तिथलंच असणार. ब्लेड गंजलेलं आहे. तिन्ही वस्तू डबीत ठेवल्या.

वेळ 3 तास. खर्च शून्य.

7 मे

आज काहीही खोललं नाही, फक्त आकडे घेतले. कल्पना लेकीची. ती म्हणाली, "बाबा, तू एकदा हात लावलास की आधी काय होतं ते परत कळणार नाही." मोबाइलवर सूर मोजायचं अ‍ॅप घेतलं. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे 100 भाग धरले की एक भाग म्हणजे एक सेंट. अ‍ॅप सूर किती सेंट चढा किंवा उतरा ते दाखवतं. स्टॉप, म्हणजे एकेका संचाची हवा बंद-चालू करणाऱ्या खुंट्या, आळीपाळीने बंद करून खर्ज आणि नर वेगवेगळे वाजवले आणि जे वाजले त्या 67 सुरांचे आकडे वहीत उतरवले.

बहुतेक सूर चार-पाच सेंट इकडे तिकडे आहेत. काही जास्त उतरलेत, पांढरी चार तर सगळीकडेच खाली आहे. इतक्या वर्षांत होणारच.

हवा 4 सेकंदच टिकत असल्याने एका सुराला तीन-तीनदा भाता मारावा लागला. दोन तास गेले. पण जो कुणी हे काम करणार असेल त्याने ही पायरी गाळू नये.

11 मे, रविवार

भाता. इथे पहिली मोठी चूक केली.

फाटलेलं चामडं बघून हात थांबेना. चारही कोपऱ्यांचं ओल्या फडक्याने नरम करून ओढून काढलं आणि कचऱ्यात टाकलं. नंतर लक्षात आलं की कोपऱ्याच्या तुकड्याचा आकार साधा त्रिकोण नसतो. भाता मिटताना तो दोन घड्यांच्या मधे जातो, त्यामुळे मधे निमुळता असतो. एक तुकडा जरी अख्खा ठेवला असता तरी त्याचा साचा कापता आला असता. पुठ्ठ्याचे पाच साचे कापले तेव्हा सहावा बसला. अख्खा रविवार गेला.

चामडं धारावीतून आणलेलं, 350 रुपयांचं. हाताला छान मऊ लागलं म्हणून घेतलं. लावून बघितलं तर भाता मिटेचना, कोपरा फुगून राहतो. पर्सच्या अस्तराइतकं पातळ चामडं लागतं. 350 रुपये वाया.

घड्यांचा पुठ्ठा मात्र शाबूत आहे. त्यावरचं कापड कुणीतरी पूर्वी बदललंय, कारण ते मांजरपाट आहे आणि त्याच्या आतल्या बाजूला गिरणीच्या छापाचा निळा डाग आहे. हेही अण्णांचंच काम. ते कापड काढणार नाही. जिथे विरलंय तिथे आतून पट्टी लावीन.

18 मे, रविवार

पुन्हा धारावी. या वेळी साचा बरोबर नेला आणि दुकानदाराला दुमडून दाखवलं. त्याने मेंढीचं सगळ्यात पातळ चामडं काढून दिलं, 420 रुपये. नागदेवी स्ट्रीटवरून पातळ पेचकस, पितळी स्क्रू आणि बारीक पत्र्याच्या पट्ट्या, मिळून 310. लोकरीचा जाड नमदा क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत, 220.

पट्टी दाबली की उघडणाऱ्या 39 झाकण्यांना नवा नमदा आणि त्यावर चामडं लावलं. हे काम सोपं पण कंटाळवाणं आहे. एकच सांगतो: झाकणीला लावलेलं चामडं खरखरीत बाजूने सुरांच्या फळीवर टेकलं पाहिजे. पहिल्या सहा मी उलट्या लावल्या. गुळगुळीत बाजू फळीला चिकटते आणि पट्टी उचलताना 'चट्' असा आवाज येतो. सहाही परत काढल्या.

25 मे, रविवार

आतला भाता चिकटवला. पाऊस मुंबईत साधारण 11 जूनला येतो असं धरून सगळी चिकटवाचिकटवी मे महिन्यात उरकायची, असा हिशेब होता. लाकडाला वापरतात तो पांढरा गोंद लावला, वर वजन ठेवलं.

30 मे

दुसऱ्याच दिवशी, 26 तारखेला, मान्सून मुंबईत आला. 16 दिवस आधी. सोमवारी सकाळी ऑफिसला निघालो तेव्हाच समजलं होतं की गोंद वाळणार नाही. आज शुक्रवार, अजून बोट चिकटतंय. आणि चामड्यावर काळे ठिपके आले आहेत. बुरशी.

सगळं सोलून काढलं. पांढरा गोंद पूर्ण निघत नाही, लाकडात मुरून बसतो, खरवडावा लागतो. माझी दुसरी मोठी चूक ही गोंदाची. जुन्या कारागिरांनी सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद, वापरला तो उगाच नाही. सरस गरम पाण्याने परत सुटतो, पुढच्या माणसाला काम करता येतं. माझा पांढरा गोंद पुढच्या माणसाला शिव्या द्यायला लावेल.

8 जून, रविवार

सरस आणला, 90 रुपये. भांड्यात भांडं ठेवून गॅलरीत शिजवला. वास फार येतो, बायकोने स्वयंपाकघरात येऊ दिला नाही आणि तिचं बरोबर होतं.

दमटपणावर उपाय असा केला: फ्रिजचं रिकामं खोकं, आत तळाशी 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब, वर जाळी, जाळीवर भाता. खोक्याला वर दोन भोकं. रात्रभर बल्ब चालू. सकाळी सांधा कडक. बल्ब चामड्यापासून निदान वीतभर लांब ठेवा, माझा एक कोपरा आखडला.

हवा टिकण्याची वेळ: 19 सेकंद.

बाहेरच्या भात्याला आतून हवा आत घेणारी चामड्याची झडप असते. तिचा ताण कमी होता म्हणून भाता मारताना फुसफुस आवाज यायचा. झडपेच्या दोरीला दोन वेढे जास्त दिले. आता 27 सेकंद. माझ्यासाठी पुरे.

15 जून, रविवार

सुरांची फळी उघडली. ही माझ्या भीतीची जागा होती.

मुंबईच्या खाऱ्या हवेत पितळेला कळंक धरतोच. फळीवर सगळीकडे हिरवट पूड. 11 मुक्या सुरांपैकी 9 मधे फक्त कचरा अडकला होता: जीभ आणि तिच्या भोवतीची चौकट यांमध्ये केसाएवढीच फट असते, तिथे लोकरीचा भुगा बसला की सूर मुका. पातळ कागदाची पट्टी फटीतून फिरवली की बोलायला लागतो. धातूचं काही घालू नका.

मग आई भांडी घासायची तशी चिंच वापरली. एका सुरावर. तो इतका चकाकला की दुसऱ्यावर, तिसऱ्यावरही वापरली. तासाभरात तिन्ही मुके. चिंचेचा चिकटा फटीत जाऊन वाळला. पाण्याने धुतले, पुसले, बल्बच्या खोक्यात ठेवले, कागद फिरवला. दोन परत बोलले. तिसरा, काळी तीनचा मधल्या सप्तकातला नर, कागद फिरवताना मुळाशी तुटला. बहुधा आधीच तडा होता, पण तुटला माझ्या हातून.

तो चकाकलेला तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. त्यानंतर चिंच बंद. बाकीचे सूर मऊ कुंचल्याने झाडले आणि कोरड्या सुती कापडाने पुसले, इतकंच. काळे राहिले तर राहिले.

29 जून, रविवार

मुक्यांपैकी दोघे आणि हा तुटलेला, असे तीन सूर नवे लागणार. गुजरातमधलं पालिताणा हे सुरांसाठी नावाजलेलं गाव, तिथून मागवले. तीन सूर आणि दोन जादा, टपालासह 460 रुपये, 9 दिवस. पेटीतले जुने सूर जास्त अरुंद आहेत. नवीन चौकट फळीच्या खाचेत बसेना. मागवताना लांबी कळवली होती, रुंदी कळवली नव्हती. चौकटीच्या दोन्ही कडा कानशीने घासल्या, एका सुराला चाळीस मिनिटं. घासताना जिभेला हात लागू द्यायचा नाही.

सगळे 78 बसवले. प्रत्येकाला दोन स्क्रू. हातानेच, शेवटचा पाव फेरा अगदी हळू. स्क्रू सैल राहिला की खरखर, जास्त आवळला की चौकट वाकून जीभ अडकते.

6 जुलै, रविवार, आषाढी एकादशी

आज पेटी वाजली. मुद्दाम आजचा दिवस धरला होता.

सूर अजून लावलेले नाहीत, पण सगळे बोलतात. काळी एक आणि काळी चार धरून भाता मारत बसलो. लेक आली, मग बायको आली. कुणी काही गायलं नाही.

कामाच्या नोंदीत हे बसत नाही, पण लिहितो. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पहिल्या दिवाळीपर्यंत आईच्या पाटल्या गेल्या, मग भिंतीवरचं घड्याळ, मग तांब्याचं घंगाळ. एका संध्याकाळी अण्णांनी पेटी चादरीत बांधली आणि खांद्यावर घेऊन जिना उतरले. आई चुलीकडे तोंड करून बसली. तासाभराने अण्णा तसेच वर आले, पेटी खांद्यावरच. खाली ठेवली, चादर सोडली, घडी घातली. आईने ताट वाढलं. त्या रात्री मंडळाचं भजन होतं आणि अण्णा गेले. गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी केली, पण गुरुवारचं भजन चुकवलं नाही.

त्या संध्याकाळी ते कुणाकडे गेले होते आणि काय झालं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

27 जुलै, रविवार

सूर लावून झाले. तीन आठवडे, रोज रात्री दीड-दोन तास. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सविस्तर:

सूर चढवायचा तर जिभेच्या मोकळ्या टोकाजवळ खरवडायचं, टोक हलकं होतं. उतरवायचा तर मुळाजवळ, जिथे ती चौकटीला जोडलेली असते, तिथे; मूळ लवचीक होतं. जिभेखाली पातळ पत्रा सरकवून आधार द्यायचा, नाहीतर जीभ वाकते आणि मग आवाज उशिरा फुटतो. दोन-तीन हलके ओरखडे, कुंचल्याने चूर झाडायचा, फळी बसवायची, वाजवून बघायचं, परत काढायची. एका सुराला अशा चार ते सहा फेऱ्या. खरवडलेला सूर गरम असतो, लगेच मोजू नका. रात्री बरोबर लावलेला सकाळी दोन सेंट सरकलेला मिळतो.

आधी सगळा नर अ‍ॅपवर लावला. मग खर्ज नराच्या जोडीने, कानाने. दोन्ही एकदम वाजवले की फरक असेल तर आवाज 'वाँव-वाँव' असा हेलकावतो. हेलकावे जितके सावकाश तितके सूर जवळ. ते थांबले की जुळले. यात अ‍ॅपपेक्षा कान चांगला.

तीन सूर जास्त खरवडले गेले, मुळाकडे खरवडून परत आणावे लागले. असं करत राहिलं तर जीभ झिजते, म्हणून घाई नको.

आज सगळे 78 सूर दोन सेंटच्या आत आहेत. फार समाधान वाटलं. अण्णांनी बघायला हवं होतं असं वाटलं.

3 ऑगस्ट, रविवार

पेटी लालबागला नेली. मंडळातले पखवाजवाले काका अजून तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय 80 च्या पुढे. अण्णांच्या शेजारी तीस वर्षं बसले. बुवा नसले की तेच गायचे. भांडुपहून टॅक्सी केली, 520 रुपये, कारण लोकलमध्ये न्यायचं धाडस झालं नाही.

काकांनी पेटीवर हात ठेवून नमस्कार केला. मी वाजवली. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "गोड झाली. खर्ज तर मस्त लागलो हा. पण ही अण्णाची पेटी न्हय."

मी म्हटलं, "काका, सूर तेच आहेत. तीनच बदललेत."

"काळी एक धर."

धरली. त्यांनी गजराची पहिली ओळ घेतली. आवाज थकलाय, पण सूर जागेवर. मी मागोमाग वाजवत होतो. पांढरी चार आली तिथे ते थांबले. परत घेतली, परत तिथेच थांबले. "हयसर टोचता," म्हणाले. "अण्णाच्या पेटीवर ह्या सुराक टेकून बसुक मिळायचा."

अ‍ॅप काढून दाखवावं असं क्षणभर वाटलं. दाखवलं नाही. काकूंनी चहा दिला, घेऊन निघालो.

4 ऑगस्ट

रात्री 7 मेचं पान काढलं. 7 मेला जे लिहिलं होतं ते चुकीचं होतं: पेटी वयामुळे उतरलेली नव्हती.

बाकीच्या सुरांच्या चुका कशाही विखुरलेल्या होत्या. एकाच पट्टीचा खर्ज खाली आणि नर वर, असं. पण पांढरी चार तिन्ही सप्तकांत, खर्ज आणि नर दोन्ही, काळी एकच्या मानाने 12 ते 15 सेंट खाली. सहाच्या सहा सूर. काळी पाच तशीच, 14 ते 17 खाली. पांढरी एक 10 ते 13 खाली. झिजून किंवा गंजून उतरलेले सूर असे रांगेत उतरत नाहीत.

काळी एक षड्ज धरला तर पांढरी चार हा गंधार, काळी पाच हा शुद्ध धैवत, पांढरी एक हा शुद्ध निषाद. हल्लीच्या पेट्या, आणि माझं अ‍ॅपही, सप्तकाच्या बारा सारख्या वाटण्या करतात. गळा तसं गात नाही. तंबोऱ्याशी जुळणारा गंधार या सारख्या वाटणीच्या गंधारापेक्षा 14 सेंट खाली असतो, धैवत 16, निषाद 12. वहीतले आकडे जवळजवळ तेच.

म्हणजे अण्णांनी बुवांच्या काळी एकसाठी पेटीचे हे सूर मुद्दाम उतरवले होते. कानाने. आणि डबीतलं ते अर्धं ब्लेड त्याचंच. सूत गुंडाळलं होतं ते बोट कापू नये म्हणून.

अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. सेंट वगैरे शब्द त्यांनी ऐकले नसतील. पेटीचे ठरीव सूर रागदारीला चालत नाहीत हा आक्षेप जुना आहे, ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीला बंदी घातली ती थेट 1971 पर्यंत राहिली. अण्णा हे सांगायचे तेव्हा त्यांना राग यायचा. "वाजवणाऱ्याने लावून घ्यावी," म्हणायचे. मला वाटायचं ते वादनाबद्दल बोलतायत.

आणि मी तीन आठवडे बसून त्यांचं काम खरवडून काढलं. सहा अधिक सहा अधिक आठ, एकूण वीस सूर. आकडे वहीत नसते तर हे कळलंही नसतं.

10 ऑगस्ट, रविवार

भिंगाखाली पांढरी चारच्या जिभा बघितल्या. टोकाला माझे ताजे, चमकणारे ओरखडे. मुळाशी जुने, काळे पडलेले, अगदी बारीक आणि एकमेकांना समांतर. माझ्यासारखे आडवेतिडवे नाहीत. 15 जूनला पुसताना हे दिसलं नव्हतं, कारण मी फक्त कळंक बघत होतो.

नवं ब्लेड मधून मोडलं. जुन्या ब्लेडवरचं सूत सोडवून याला गुंडाळलं. सूत अजून मजबूत आहे.

आज फक्त दोन सूर उतरवले. मुळाशी दोनदा खरवडलेलं आहे, एकदा त्यांनी, आता मी. जिभा अशक्त झाल्या तर तुटतील. म्हणून एका वेळी एकच ओरखडा.

19 ऑगस्ट

कालपासून मुसळधार. लोकल बंद पडल्या, ऑफिस नाही. सकाळी आठपासून बसलो. उरलेल्यांपैकी चौदा आज झाले. वरच्या सप्तकातल्या लहान जिभांना एका ओरखड्याने चार-चार सेंट फरक पडतो, तिथे ब्लेड नुसतं टेकवायचं. खर्जाच्या मोठ्या जिभांना पाच-सहा ओरखडे लागतात.

अ‍ॅपवर उणे 14 आणायचं असं ठरवून बसलो होतो. चौथ्या सुरानंतर अ‍ॅप बाजूला ठेवलं. काळी एक आणि काळी चार लेकीने धरून ठेवायच्या आणि मी पांढरी चार वाजवायची. बरोबर जागी आला की तिन्ही सूर मिळून एकच आवाज होतो, त्यात काहीच हलत नाही. नंतर मोजून बघितलं, उणे 13 ते उणे 15.

लेक म्हणाली, "मग मी पांढरी एकमधून शाळेची प्रार्थना वाजवते ती आता बेसूर लागणार का?" लागणार. पांढरी एक 12 सेंट खाली आली, पण तिचा गंधार, म्हणजे पांढरी तीन, जागेवरच आहे, त्यामुळे तिला तो अजूनच चढा लागेल. वाजवून बघितलं, तिला लगेच कळलं. हे इतरांसाठी नीट लिहितो: घरात वेगवेगळ्या पट्टीत गाणारे असतील तर असं करू नका, अ‍ॅपवर लावलेली पेटी ठेवा. अशी पेटी एकाच षड्जाची होते. आमची काळी एकचीच राहील. लेकीला साधी पेटी घेऊन देईन, पैसे जमले की.

24 ऑगस्ट, रविवार

शेवटचे चार सूर. भाता पुन्हा तपासला, 26 सेकंद. काळी एकला रंग दिलेला नाही, देणारही नाही.

खर्च: चामडं 770 (त्यातले 350 वाया), नमदा 220, हत्यारं आणि स्क्रू 310, सरस 90, फुकट गेलेला पांढरा गोंद 120, सूर 460, टॅक्सी दोन्ही वेळची 1,060. एकूण 3,030. वेळ मोजला तर 130 तासांच्या वर. दुरुस्तीवाल्याने चार दिवसांत दिली असती.

31 ऑगस्ट, रविवार

काल रात्री चाळीच्या गणपतीपुढे भजन होतं. पेटी घेऊन गेलो. हल्ली मंडळात पेटीला एक तरुण मुलगा असतो, त्याला मी स्वतःच म्हटलं, तू वाजव, माझा हात तेवढा चालत नाही. मी टाळ घेतला.

काकांना दोघांनी धरून खाली आणलं, खुर्चीवर बसवलं. पखवाज आता त्यांचा नातू वाजवतो. मुलाने काळी एक धरली. काकांनी डोळे मिटले आणि गजर घेतला. पांढरी चार आली. ते थांबले नाहीत. त्या सुरावर बसून राहिले, इतका वेळ की टाळवाल्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, मग पुढे गेले. पाऊण तास गायले. नंतर मला काही बोलले नाहीत, खोकला आला होता. वर नेताना माझा हात धरून ठेवला होता, जिन्यापर्यंत.

पहाटे दोनला घरी आलो. पेटी पुसताना बघितलं तर काळी तीन दाबली की वर येत नाही. मंडपाच्या ओलीत पट्टी फुगलीय. शेजारच्या पट्टीला घासते आहे. कानशीने घासायचा मोह झाला, पण आत्ता घासली तर थंडीत फट पडेल. तशीच ठेवलीय. ऑक्टोबरच्या उन्हात काय होतं ते बघून मग हात लावीन.